वाचक विचारतात : हिमाचा थर, मायक्रोवेव्ह आणि दाण्यांची भानगड

मागच्या अंकात मी ओझरतं लिहून गेलो होतो की उपग्रह मायक्रोवेव्हच्या मदतीने हिमात किती पाणी साठलंय ते काढतात, त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सदर सगळं त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. पडलेल्या भुसभुशीत थराला मी हिम म्हणतोय आणि घट्ट गोठलेल्याला बर्फ, नाहीतर वाचताना घोळ होईल.

प्रश्न : कॅमेऱ्याला हिम म्हणजे नुसतं पांढरं. मग उपग्रहाला त्याची जाडी कशी कळते? वरून मायक्रोवेव्ह सोडतात का?

सोडायलाच पाहिजेत असं नाही. जमीन स्वतःच मायक्रोवेव्ह बाहेर टाकत असते, गोठलेली असली तरी, कारण केल्विनमध्ये बघितलं तर ती २६०-२७० वर असतेच की. उपग्रहावरचा रेडिओमीटर काहीही न सोडता फक्त ते पकडतो आणि जे मिळतं ते ब्राइटनेस टेंपरेचर म्हणून केल्विनमध्येच सांगतात. आता या जमिनीवर कोरडं हिम पडलं की खालून येणारी ऊर्जा वाटेत बर्फाच्या दाण्यांवर आपटून विखुरते, थोडी बाजूला जाते, थोडी परत खाली, आणि तिच्या जागी वरच्या आकाशातली ऊर्जा उलटून उपग्रहाकडे येते, पण आकाश मायक्रोवेव्हमध्ये भलतंच थंड असतं, त्यामुळे थर जाड होत गेला की तो उपग्रहाला थंड थंड दिसत जातो.

ही विखुरणी तरंगलांबीवर जबरदस्त अवलंबून असते. ३७ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ८ मिलिमीटरच्या आसपास, १९ ला साधारण १६. छोट्या कणांसाठी रेलेचा नियम म्हणतो की फ्रिक्वेन्सी दुप्पट केली तर विखुरणी १६ पट. म्हणजे १९ वाला सिग्नल हिमातून बऱ्यापैकी सुखरूप निघतो आणि ३७ वाला मार खातो, आणि दोघांतला फरक घेतला की जमिनीच्या तापमानाचा वगैरे भाग बराचसा कटतो. १९८७ मध्ये चँग आणि सहकाऱ्यांनी यावरून एक अगदी सुटसुटीत सूत्र दिलं, फरक केल्विनमध्ये घ्या, १.५९ ने गुणा, खोली सेंटिमीटरमध्ये मिळेल. फरक २० केल्विन आला तर साधारण ३२ सेंटिमीटर हिम. १९७८ च्या निंबस-७ उपग्रहापासून पुढे अमेरिकेच्या डीएमएसपी मालिकेतले आणि जपानचे एएमएसआर हे रेडिओमीटर असं करत आपल्याकडे चार दशकांपेक्षा जास्त रेकॉर्ड जमलंय, ढग असोत की सहा महिन्यांची ध्रुवीय रात्र असो, खंड नाही.

प्रश्न : सूत्र एवढं सोपं आहे तर लोक मॉडेलिंग कशाला करत बसतात?

कारण त्या १.५९ च्या पोटात एक गोष्ट गपचूप धरलेली आहे, दाण्याची त्रिज्या ०.३ मिलिमीटर आणि घनता ३०० किलो प्रति घनमीटर, जगभर, अख्खा हिवाळा. आणि खरी मेख इथेच आहे.

एका छोट्या दाण्याची विखुरणी त्रिज्येच्या सहाव्या घाताने वाढते. तेवढ्याच वजनाच्या बर्फात मोठे दाणे असतील तर त्यांची संख्या त्रिज्येच्या घनाने कमी होते, म्हणजे हिशोब करून उरतो तिसरा घात. दाणा दीडपट मोठा झाला तर विखुरणी ३.४ पट, आणि हिम मात्र एक ग्रॅमनेही वाढलेलं नाही! उपग्रह सांगणार थर जाड झाला, प्रत्यक्षात झालंय काय, तर जुन्याच थरातले दाणे फुगलेत.

आणि ते फुगतातच. कडाक्याच्या थंडीत पातळ थर असेल तर खाली जमिनीपाशी तापमान शून्याच्या जवळपास राहतं आणि वर हवा उणे २५, मधे हिम फक्त ४०-५० सेंटिमीटर, म्हणजे मीटरमागे ५० अंशांचा उतार. मीटरमागे १०-२० अंश झाले तरी पुरतात. खालच्या गरम दाण्यांवरून वाफ उडते, वर जाते, थंड दाण्याच्या खालच्या अंगाला जाऊन चिकटते, तिथे कोनदार कडा उगवतात, काही आठवड्यांत तळाशी काही मिलिमीटरचे पोकळ पेल्यासारखे स्फटिक तयार होतात, अंगावर बारीक पायऱ्यापायऱ्यांच्या रेघा. याला डेप्थ होर म्हणतात. हातात घेतलं तर साखरेसारखं बोटांतून सांडतं, गोळा वळत नाही. टुंड्रा आणि तैगाच्या पट्ट्यात हा थर कधीकधी निम्म्या जाडीचा असतो, आणि ३७ गिगाहर्ट्झचा सिग्नल मुख्यतः तोच खातो. वरती नवीन २० सेंटिमीटर पडलेलं बारीक हिम त्याला जवळजवळ जाणवतही नाही.

दुसरीकडे थर फार जाड झाला, म्हणजे वितळवून साधारण १५० मिलिमीटर पाणी होईल याच्या पुढे गेला, की फरक वाढायचा थांबतो आणि पुढे उलटा फिरायला लागतो, कारण आता वरचं हिम स्वतःच ऊर्जा टाकायला लागलेलं असतं. डोंगरात तर १५० मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, त्यात एका पिक्सेलमध्ये दहा-वीस किलोमीटरचा इलाका, दरी शिखर जंगल तळं सगळं एकत्र. म्हणून गोलार्धाचे हिमाचे नकाशे करणारे बरेच जण सरळ डोंगर झाकून टाकतात. मला ते प्रामाणिक वाटतं, पण ज्यांच्या नद्या डोंगरातून येतात त्यांच्या काही कामाचं नाही हेही खरं.

प्रश्न : कॉलेजात विखुरणीचे रेले (Rayleigh) आणि मी (Mie) या शास्त्रज्ञांचे दोन्ही नियम शिकलोय. एका दाण्याची विखुरणी काढायची आणि दाण्यांच्या संख्येने गुणायचं, एवढं करून का भागत नाही?

ढगातल्या थेंबांना भागतं, हिमाला नाही. ढगात थेंब एकमेकांपासून लांब असतात, एकाचं दुसऱ्याला काही घेणंदेणं नसतं. ३०० घनतेच्या हिमात जवळपास एक तृतीयांश जागा बर्फानेच भरलेली असते. ८ मिलिमीटर बाजूचा, म्हणजे ३७ गिगाहर्ट्झच्या एका तरंगलांबीएवढा घन घ्या, त्यात अर्ध्या मिलिमीटरचे अडीच हजारांहून जास्त दाणे बसतात. एवढे सगळे एकाच लाटेत एकदम हलतात, त्यांनी विखुरलेल्या लाटा एकमेकींशी जुळलेल्या असतात आणि बऱ्याच आपसात कटून जातात. वेगवेगळ्या काढून नुसती बेरीज केली तर उत्तर फुगून येणार.

जरा टोकाला जाऊन विचार करा. सगळी जागा बर्फाने भरली, एकसंध पारदर्शक ठोकळा, तर विखुरणी शून्य, कारण लाटेला अडखळायला काही उरलंच नाही. म्हणजे विखुरणी दाण्यांमुळे होत नाही, बर्फ आणि हवा यांच्या चढउतारामुळे होते. सुरुवातीला घनता वाढली की विखुरणी वाढते, मग वाढ मंदावते, मधे कुठेतरी शिखर गाठून खाली येते, आणि पुढे हिमनदीच्या बर्फात चित्र उलटं होतं, तिथे बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे विखुरतात.

हे गणितात बसवायचे दोन मोठे रस्ते आहेत. एक डेन्स मीडिया रेडिएटिव्ह ट्रान्सफर, लेऊंग त्सांग आणि मंडळींचा, यात दाणे म्हणजे गोल धरतात आणि कोण कोणाच्या किती जवळ असू शकतो याचं संख्याशास्त्र घालतात, वर चिकटपणा नावाचा एक आकडा, दाणे किती गुच्छ करून बसतात यासाठी. दुसरा इम्प्रूव्ह्ड बॉर्न अप्रॉक्झिमेशन, १९९८ चा, बर्नच्या क्रिश्चन मेट्झलर यांचा, यात गोळेबिळे काही नाही, थेट बर्फ-हवेच्या मांडणीचं सहसंबंध फलन घ्यायचं, म्हणजे एका बिंदूवर बर्फ असेल तर अमुक अंतरावर बर्फ असण्याची शक्यता किती. मला व्यक्तिशः हा दुसरा जास्त पटतो, कारण हिमात वेगळे सुटे दाणे असतात हीच मुळात आपली सोयीची समजूत आहे, खरं तर तो एक सलग सांगाडा असतो.

यातून प्रत्येक थराची विखुरणी आणि शोषण मिळालं की मग ऊर्जा थराथरातून वर कशी येते ते रेडिएटिव्ह ट्रान्सफरच्या समीकरणाने सोडवायचं. तिथे बऱ्याच प्रोग्रॅममध्ये दिशांचे ठरावीक तुकडे पाडून सोडवायची पद्धत असते, जी १९४० च्या दशकात सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी ताऱ्यांच्या वातावरणासाठी पुढे नेली. ताऱ्यासाठी केलेलं गणित हिमाला लागू पडतं, समीकरणाला काय, त्याला कोण तारा कोण हिम.

प्रश्न : मग दाण्याचा आकार मोजून टाका आणि घाला मॉडेलमध्ये. अडचण काय आहे?

हाच तो प्रश्न ज्यावर या क्षेत्रातल्या लोकांची दोन-तीन दशकं गेली.

पूर्वी खड्डा खणायचा, चिमूटभर हिम मिलिमीटरच्या जाळीवर टाकायचं, भिंगातून बघायचं आणि सगळ्यात मोठी लांबी वहीत लिहायची. दोन माणसं दोन आकडे लिहिणार. आणि मायक्रोवेव्हला त्या लांबीशी देणंघेणं नसतं, तिला ताऱ्यासारख्या पसरट कणाचं टोक ते टोक अंतर काय करायचंय.

मग मोजायला लागले स्पेसिफिक सरफेस एरिया, म्हणजे एक किलो हिमात बर्फाचा किती चौरस मीटर पृष्ठभाग हवेला उघडा आहे. हे जवळच्या इन्फ्रारेड प्रकाशाच्या परावर्तनातून काही सेकंदांत निघतं आणि माणूस बदलला म्हणून आकडा बदलत नाही. त्यावरून गोळ्याचा व्यास काढायचा : ६ भागिले बर्फाची घनता ९१७ गुणिले तो एरिया. एरिया २० आला तर व्यास ०.३३ मिलिमीटर. झालं, वस्तुनिष्ठ आकडा मिळाला, मॉडेलमध्ये टाकला आणि... विखुरणी फारच कमी यायला लागली. मग प्रत्येक गटाने आपापल्या खड्ड्यांवरून एक गुणक काढला, कोणी व्यास २.३ ने गुणला, कोणी २.८, कोणी ३.५, तेव्हा कुठे मॉडेल उपग्रहाशी जुळायला लागलं. सगळे पेपर छापून आले, सगळ्यांत आलेख सुंदर जुळलेले, पण हा आकडा भौतिकशास्त्रातून कुठून येतो हे विचारलं की सगळे गप्प.

गुंता सुटायला लागला तो मायक्रो-सीटीमुळे. हॉस्पिटलात असतो तसाच स्कॅनर पण काही सेंटिमीटरच्या नमुन्यासाठी आणि थंड खोलीत ठेवलेला, त्यातून हिमाचा सांगाडा मायक्रोमीटरच्या पातळीवर तीन मितींत दिसतो आणि ते सहसंबंध फलन थेट मोजता येतं. मग लक्षात आलं की सरफेस एरिया फक्त अगदी जवळच्या अंतरावरचं सांगतो, म्हणजे पृष्ठभाग किती आहे एवढंच. मायक्रोवेव्हला मात्र लांबपर्यंतची मांडणी जाणवते, गुच्छ किती मोठे, पोकळ्या किती मोठ्या, लहानमोठ्याची सरमिसळ किती. दोन नमुन्यांचा सरफेस एरिया तंतोतंत सारखा आणि घनता सारखी असून त्यांची विखुरणी वेगळी असू शकते.

अलीकडे म्हणून दोन भाग करतात. एक लांबी सरफेस एरिया आणि घनतेतून येणारी, आणि तिला गुणणारा पॉलिडिस्पर्सिटी नावाचा आकडा, जो दाण्याच्या प्रकारावर ठरतो, गोलसर बारीक दाण्यांना १ पेक्षा कमी आणि डेप्थ होरला १ च्या थोडा वर. गुणाकार म्हणजे मायक्रोवेव्हपुरता दाण्याचा आकार. जुना गुणक आणि हा नवा आकडा दिसायला भाऊभाऊ वाटतील, पण हा सीटीमधून उपग्रहाकडे न बघता स्वतंत्रपणे मोजता येतो. माझं स्पष्ट मत विचाराल तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत या विषयात झालेलं हे सगळ्यात मोठं काम आहे.

प्रश्न : एवढा त्रास कशाला, सगळा डेटा एआयला द्या, तो शिकेल.

देतायत की. पण शिकणार कशावरून? जमिनीवरच्या स्टेशनांवरून. स्टेशनं असतात सपाटीला, दरीत, रस्त्याला लागून, जिथे माणूस पोचतो. उंचावरच्या थराबद्दल त्यांना जेवढं ठाऊक तेवढंच एआयला ठाऊक. मॉडेल आणि स्टेशन दोन्ही एकत्र घ्यायचं मात्र जमतं, युरोपच्या ग्लोबस्नो या हिमाचे नकाशे करणाऱ्या प्रकल्पात स्टेशनांवरची खोली देऊन आधी मॉडेलकडून दाण्याचा आकार उलटा काढून घेतात, तो आजूबाजूला पसरवतात आणि मग उपग्रहाचा आकडा वापरतात.

प्रश्न : हिम ओलं झालं की उपग्रह आंधळा होतो म्हणतात. का?

इथे शब्दशः पाणी मुरतं. बर्फ मायक्रोवेव्ह जवळजवळ शोषतच नाही, म्हणून कोरड्या हिमात ३७ गिगाहर्ट्झ सुद्धा मीटरभर आत जातं, आणि अंटार्क्टिकाच्या कोरड्या थंड हिमात १.४ गिगाहर्ट्झ तर शेकडो मीटर. पाणी मात्र शोषणारं. दाण्यांच्या सांध्यात एक-दोन टक्के पाणी आलं की बास, मीटरचं होतं काही सेंटिमीटर, विखुरणीला संधीच मिळत नाही, आणि थर काळ्या वस्तूसारखा वागायला लागतो, येईल ते शोषणारा आणि स्वतःही तेवढीच ऊर्जा टाकणारा, म्हणजे ब्राइटनेस टेंपरेचर झपकन वर. दुपारी वर, पहाटे पुन्हा गोठलं की खाली. खोली काढायची असेल तर हा डेटा टाकून द्या, पण वितळणं कधी सुरू झालं हे काढायचं असेल तर याच्यासारखं सोनं नाही, ग्रीनलँडचे वितळणीचे नकाशे असेच बनतात. रडारमध्ये उलट दिसतं, सेंटिनेल-१ या युरोपच्या रडार उपग्रहाचा परतणारा सिग्नल कोरड्या हिमाच्या मानाने २-३ डेसिबल पडतो, ३ डेसिबल म्हणजे निम्मा.

गंमत पुढे आहे. जुलै २०१२ मध्ये ग्रीनलँडचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग काही दिवस वितळला, पाणी आत झिरपलं आणि पुन्हा गोठून त्याच्या कडक पट्ट्या झाल्या. त्याआधी बर्फाची उंची मोजणाऱ्या क्रायोसॅट-२ उपग्रहाचं रडार हिमात बरंच आत जाऊन परतायचं, आता ते त्या पट्ट्यांवरूनच परतायला लागलं, आणि आतल्या भागाची उंची अर्धा मीटरभर वाढल्यासारखी दिसली. एक कणही वाढलेला नव्हता. अशा वेळी विखुरणीचं मॉडेल हाताशी नसेल तर माणूस बर्फ वाढला म्हणून बातमी देऊन मोकळा होईल.

प्रश्न : समुद्रावरच्या बर्फाला पण हेच मॉडेल चालतं का?

चौकट तीच, मालमसाला वेगळा. नवीन समुद्री बर्फात खारं पाणी बारीक कप्प्यांत अडकलेलं असतं, ते शोषतं, म्हणून पहिल्या वर्षाचा बर्फ उबदार दिसतो. एक उन्हाळा काढला की वरच्या भागातलं खारं पाणी निथळून जातं आणि जागी हवेचे बुडबुडे उरतात, ते ३७ गिगाहर्ट्झला विखुरतात, म्हणून जुना बर्फ थंड. हिवाळ्यात या फरकावरून नवा-जुना ओळखता येतो, उन्हाळ्यात वर पाण्याची डबकी साचली की सगळं एकच.

प्रश्न : निसारने हिम मोजता येईल का?

३० जुलै २०२५ ला गेलेल्या निसारवर, म्हणजे नासा आणि इस्रोच्या रडार उपग्रहावर, एल आणि एस असे दोन बँड आहेत, एलची तरंगलांबी २४ सेंटिमीटर. एवढ्या लांब लाटेला कोरड्या हिमातले दाणे दिसतच नाहीत, आणि ते बरंच आहे, दाण्यांची सगळी कटकट गेली. हिमातून जाताना लाट जरा मंदावते, म्हणून दोन फेऱ्यांमधला फेजचा, म्हणजे परतलेली लाट आपल्या चक्रात किती मागे पडली याचा, फरक बघून मधल्या काळात किती हिम वाढलं ते काढता येतं. एलला एक पूर्ण चक्र म्हणजे साधारण १२ सेंटिमीटर पाण्याइतकं हिम, त्याहून जास्त पडलं तर किती चक्रं झाली ते कळायची पंचाईत. शिवाय फेऱ्या १२ दिवसांनी, मधे ओलं झालं किंवा वाऱ्याने उडालं तर फेज गेली. म्हणून केयू-बँडच्या (Ku, बऱ्याच छोट्या लाटेच्या) रडारवाल्यांनी आपलं दुकान बंद केलेलं नाही, आणि त्यांना परत दाण्यांपाशीच यावं लागतं.

प्रश्न : फिजिक्सचं शेवटचं वर्ष आहे, पायथन येतं. स्वतः करून बघायचं तर कुठून सुरू करू?

एसएमआरटी, म्हणजे स्नो मायक्रोवेव्ह रेडिएटिव्ह ट्रान्सफर, २०१८ चं, पायथनमध्येच आणि फुकट. वर सांगितलेले दोन्ही रस्ते त्यात आहेत. खाली गोठलेली जमीन ठेव, वर एकच थर घे, अर्धा मीटर, घनता ३००, तापमान २६० केल्विन, आणि सहसंबंध लांबी (त्या सहसंबंध फलनातून येणारी, दाण्याच्या आकाराच्या जागी धरायची लांबी) ०.१ पासून ०.३ मिलिमीटरपर्यंत हळूहळू वाढव, प्रत्येक वेळी १९ आणि ३७ चा आलेख काढ. ३७ कसा कोसळतो ते बघितलंस की वरचा अर्धा लेख आपोआप कळेल. मग लांबी ०.२ ला थांबवून जाडी वाढव आणि तोच फरक परत येतो का बघ, येईल, म्हणजे एकाच आकड्याची दोन उत्तरं तुझ्या समोर. त्यानंतर तळाशी डेप्थ होरचा वेगळा थर दे आणि शेवटी मधे बर्फाची पातळ पट्टी घालून आडव्या आणि उभ्या पोलरायझेशनमध्ये काय होतं ते ताडून बघ, आडवं जास्त बिघडतं. कुठे अडलास तर विखुरणी शून्य करून चालव, जमिनीचा आकडा जवळपास तसाच वर यायला हवा, नाही आला तर चूक थरांत आहे, दाण्यांत नाही. आणि लांब्या सगळ्या मीटरमध्ये द्यायच्या असतात, ०.२ मिलिमीटर म्हणजे ०.०००२, तिथे नुसतं ०.२ टाकलंस तर वीस सेंटिमीटरचा दाणा होतो आणि जे उत्तर येईल त्याला काही अर्थ नसेल.